पांथरीची जागा

“पांथरी कधी काढली तुमची?” सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा ठिणगी उताणी पडून छताकडे बघत होती. छताच्या पांढऱ्या चौकोनांपैकी एकाचा कोपरा उडाला होता आणि तो तिला केव्हाचा खुपत होता. तिचं कामच ते. वापरलेल्या बाटल्या धुऊन परत भरायच्या कारखान्यात ती उजेडाच्या काचेसमोर बसायची, समोरून बाटल्यांची रांग सरकायची, आणि जिच्या तोंडाला टवका असेल, बुडाला केसाएवढी चीर असेल, ती बाटली ती हात घालून उचलायची नि बाजूच्या पिंपात फेकायची. खळ्ळ. दिवसभर खळ्ळ. त्यामुळे कुठेही गेली तरी टवका आधी दिसायचा, बाकीचं जग मागून. “काय काढली?” ती म्हणाली. “पांथरी हो. प्लीहा. डाव्या बरगड्यांखाली असते ती.” बाईंनी थंडगार, चिकट यंत्र तिच्या डाव्या कुशीत रुतवलं. “श्वास घ्या. धरा. सोडा. नाहीये.” आणि हे ‘नाहीये’ त्यांनी अशा सुरात म्हटलं, जसं दुकानदार म्हणतो, साखर संपली, उद्या या. ठिणगीला आधी हसूच आलं. तिने आपल्या पोटावरच्या लांबलचक व्रणाकडे बोट केलं. छातीखालून निघून बेंबीला वळसा घालून खाली गेलेली ती रेघ, जणू कुणी घाईघाईत दाभणाने पोतं शिवलंय. “ते अपेंडिक्स काढलंय माझं. चार वर्षांची होते तेव्हा.” बाईंनी पडद्यावरची नजर पहिल्यांदा काढली आणि तिच्याकडे बघितलं. “अपेंडिक्स? अहो, अपेंडिक्स हे काय समोर बसलंय. सुजून बोटाएवढं झालंय. तेच तर दुखतंय तुम्हाला!”

कापडी पडद्याच्या पलीकडे मावशी उभी होती. मावशी म्हणजे रक्ताची नव्हे, कारखान्यातली. बुचांच्या यंत्रावर बसायची आणि सगळ्या कारखान्याची मावशी होती. दादाशी भांडून ठिणगी घराबाहेर पडली, तेव्हापासून दोघी एका खोलीत राहत होत्या. आज सकाळी रांगेवर ठिणगी पोट धरून वाकली, एक फुटकी बाटली तिच्या समोरून तशीच पुढे गेली, तेव्हा मुकादमाच्या आधी मावशीच धावली होती. आता ती पडद्यातून डोकं आत घालून म्हणाली, “अगंबाई! म्हणजे जे काढलं म्हणतेय ते आत आहे, नि जे आत नाही ते हिला ठाऊकच नाही? घर तुझं आणि भाडेकरू कोण ते शेजाऱ्यांना विचारायचं?” एरवी ठिणगीने सव्याज परत केलं असतं. आज नाही. पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा सगळ्या अंगाला एक हिसका बसला, आणि बसतच राहिला. डॉक्टरीणबाई मात्र पुन्हा समोरच्या चित्रात शिरल्या होत्या. “आणि हे बघा. हे छोटे छोटे गोळे दिसतात? बहुतेक पांथरीचेच तुकडे आहेत. पांथरी फुटली की कधीकधी तिचे कण पोटात सांडतात आणि मिळेल तिथे रुजतात. मोठा मार बसला होता का कधी? जिन्यावरून पडलात? गाडीचा धक्का? कुणी मारलं?” एका दमात, एका सुरात. पडलात, धक्का, मारलं. ठिणगी म्हणाली, “मला काय माहीत? मी चार वर्षांची होते!” आणि इतक्या जोरात म्हणाली की बाईंचा हात यंत्रासकट उचलला गेला.

मग बाहेरच्या बाकावर बसवलं. पोटावरची चिकट जेल कागदाने पुसली तरी सदऱ्याला लागलीच, आणि तो गारवा नेमका डाव्या बाजूला राहिला, तिथेच, जिथे काही नाही. काही नाही म्हणजे काय असतं? तिने हळूच बरगड्यांखाली बोटं दाबून बघितली. मऊ. उजवीकडेही मऊ, पण तिथे कळ आली. आजवर ती डाव्या कुशीवर झोपत आली होती. रिकाम्या जागेवर! समोरच्या भिंतीवर एक मोठं चित्र होतं, उघड्या माणसाचं, कातडी नसलेलं, आणि त्याच्या अंगभर हिरव्या दोऱ्यांचं जाळं, दोऱ्यांना ठिकठिकाणी मणी, मानेत, काखेत, जांघेत. खाली मोठ्या अक्षरांत मजकूर. ठिणगीने शाळा अर्ध्यातच सोडली होती, मास्तरांच्या अंगावर डस्टर उलटा फेकून, पण वाचायला तिला कोण अडवणार? हाडांच्या आतल्या मगजात रक्ताच्या पांढऱ्या पेशी जन्माला येतात. त्यातल्या काही छातीच्या हाडामागे, थायमस नावाच्या ग्रंथीत शिकायला जातात. आपलं कोण, परकं कोण, हे त्यांना तिथे शिकवतात, आणि ज्या आपल्याच शरीरावर धावून जातील त्यांना तिथेच संपवलं जातं. बहुतेक सगळ्या नापासच होतात म्हणे. ही ग्रंथी लहानपणी मोठी असते, वय वाढेल तशी विरत जाते. बरं झालं, ठिणगीला वाटलं, मी पेशी नाही, पहिल्याच तासाला गेले असते. मानेतले मणी म्हणजे चौक्या, अंगातलं पाणी तिथून गाळून पुढे जातं. घसा आला की त्या सुजतात, कारण आत मारामारी चाललेली असते. टॉन्सिल घशाच्या दारावरचे. आतड्याला, अगदी अपेंडिक्सलासुद्धा असलेच पहारेकरी. आणि डावीकडे, पोटाच्या मागे लपून, जांभळी, मुठीएवढी, प्लीहा. रक्त तपासते. म्हाताऱ्या, ताठरलेल्या लाल पेशींना बारीक फटींतून जायला लावते, ज्यांना वाकता येत नाही त्यांना तिथेच मोडीत काढते. रक्तात घुसलेले जंतूही पकडते. ठिणगीने ते वाक्य पुन्हा वाचलं. म्हणजे माझंच काम की. रांग समोरून जातेय, टवका उडालेला उचलायचा, पिंपात फेकायचा. आणि माझ्या आत त्या खुर्चीवर कुणी नाही. इतकी वर्षं रांग चालूच आहे, उजेडही चालू आहे, आणि खुर्ची रिकामी.

ऑपरेशन करणारा डॉक्टर तरुण होता, पायात रबरी चपला, चालताना चप् चप् वाजणाऱ्या. तो तिच्यासमोर उकिडवाच बसला. अपेंडिक्स आजच काढायला हवं म्हणाला, दुपारीच. “पण तुमची पांथरी नाही, हे तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? दोन दिवस ताप अंगावर काढलात?” “कारखान्याच्या दवाखान्यात दाखवलं होतं. अपेंडिक्स काढलंय सांगितलं मी, मग त्यांनी गॅसच्या गोळ्या दिल्या.” “अहो, पांथरी नसलेल्या माणसाला साधा ताप नसतोच. काही जंतू असे असतात की ते पांथरीलाच सापडतात. ती नसेल तर सकाळी कणकण नि संध्याकाळी माणूस गेलेला, असंही होतं. त्यासाठी लसी असतात, ताप आला की ताबडतोब घ्यायच्या गोळ्या असतात. काही घेतलंय कधी?” “काही नाही,” ठिणगी म्हणाली, आणि ‘नाही’चा ‘ही’ तोंडात असतानाच तिची जीभ थांबली.

कारण लसी घेतल्या होत्या. दादा घेऊन जायचा. नवी साथ आलीय, दुकानात फुकट आल्यात, कारखान्यात जाणाऱ्यांना सक्तीच्या आहेत. दर वेळी नवं कारण. दादा औषधांच्या दुकानात गल्ल्यामागे उभा राहायचा आणि त्याच्या या इंजेक्शनांच्या वेडाला ती, वहिनी, सगळेच हसायचे. वहिनी तर म्हणायची, ठिणगी शिंकली की आमचे हे टॅक्सी बोलावतात. आणि खरंच बोलवायचा. शाळेतून खांद्यावर टाकून पळत नेलेलं तिला आठवतं, नुसता घसा लाल झालेला आणि दादाच्या मानेवरून घाम तिच्या नाकात जातोय. दवाखान्यात पोचलं की तो आधी एकटा आत जायचा. तू बस, मी सांगून येतो. काय सांगून यायचा? दार लोटलेलं असायचं. तिला वाटायचं, बाप तर ती पोटात असतानाच गेला, म्हणून दादा बाप होऊ बघतोय, नऊ वर्षांनी मोठा म्हणून स्वतःला समजतो कोण. आणि ती गोळ्यांची पट्टी. तिच्या पिशवीत तो कायम एक पट्टी ठेवायचा, जुनी झाली की बदलायचा. ताप वाटला की आधी ही घे, मग मला फोन कर. यावरूनच तर भांडण झालं होतं. मी काय काचेची आहे का? सगळ्यांसमोर ती ओरडली होती. तुला नोकरीवर कुणी विचारत नाही म्हणून माझ्यावर डॉक्टरकी करतोस? दादा काही बोलला नव्हता. तो कधीच काही बोलत नसे. वहिनी त्याला गाय म्हणायची, आमची गाय, मारकी नाही, दूधही देत नाही. तिने सामान उचललं तेव्हा तो दारात उभा होता, हातात पट्टी घेऊन, आणि तिने ती घेतली आणि पहिल्याच कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकली. नंतर मावशीकडे निरोपाबरोबर आली, तीही टाकली. गेल्या आठवड्यात आली, तीसुद्धा.  त्याला माहीत होतं. त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

“दादाला फोन करू का?” मावशीने विचारलं. “नको.” “मग सही कोण करणार? मी केली तर म्हणतील, बुचं लावणारी बाई पोट कापायला सही देते.” “नको म्हटलं ना!” “ओरड, ओरड. पोटावर हात ठेवून ओरड, म्हणजे कमी दुखेल,” मावशी म्हणाली आणि फोन घेऊन कोपऱ्यात गेली. ठिणगीने तिला अडवलं नाही. ती हिशेब मांडत बसली होती, आणि तो हिशेब फारच सोपा होता, तेच वाईट होतं. तेव्हा घरात तिघंच माणसं होती. आई, दादा, ती. जिन्यावरून पडले असते तर आईने ते अभिमानाने सांगितलं असतं. शेजारचा कुत्रा ठिणगीला चावला तेव्हा आईने महिनाभर अख्ख्या इमारतीला जखम दाखवली होती. गाडीचा धक्का असता तर गाडीवाल्याच्या सात पिढ्या ती मरेपर्यंत उद्धारत राहिली असती. पण या व्रणाबद्दल विचारलं की आई दोनच शब्द बोलायची, अपेंडिक्स होतं, आणि लगेच उठून काहीतरी घासायला घ्यायची. म्हणजे आई. आईचा हात जड होता, हे खरंच. एकदा तिने दादाला कंगव्याने मारलं तर कंगव्याचे दाते मोडले होते. आईच असणार. आई जाऊन आता तीन वर्षं झाली, ती भांडायला येणार नाही, नाही म्हणायला येणार नाही. ठिणगीला स्वतःचीच शिसारी आली, कारण आई असावी असं तिला वाटत होतं. मेलेल्या माणसाच्या माथी मारलं की जिवंत माणूस उरतो.

पण हात नको तिथे जातो, तसं मन जायला लागलं. त्या वयातलं तिला एकच आठवत होतं, आणि ते तिने कधी कशाला जोडलंच नव्हतं, ते नुसतंच सुटं पडलेलं होतं. गार फरशी. गोंदाचा वास. तळहाताला चिकटलेल्या आगकाड्या, गुल काढलेल्या, आणि त्या झटकल्या तरी सुटत नाहीत म्हणून ती हसतेय. समोर काड्यांचंच काहीतरी मोडून पडलंय. जहाज. हो, जहाजच, त्याला शीड होतं वहीच्या कागदाचं. दादाने किती दिवस बनवलेलं असेल ते, काडीला काडी. आणि त्यावर कोण बसलं? मीच बसले असणार, मला माहीत आहे मी, ठिणगीला वाटलं, मला बस म्हटलं तर बसले नसते आणि बसू नको म्हटलं म्हणून बसले असणार. नंतर? नंतर फरशीच. खूप जवळून फरशी, गालाला लागलेली. आई त्या चित्रात कुठेच नव्हती. चुलीजवळ नाही, दारात नाही. आईचा आवाजसुद्धा नाही. दिवसा आई घरी नसायचीच की, ती शिवणाच्या कारखान्यात असायची, आणि संध्याकाळी सुयांनी टोचलेली बोटं घेऊन यायची. ठिणगीने डोळे गच्च मिटले, आईला त्या खोलीत आणायचा प्रयत्न केला, ओढून आणली, उभी केली, पण ती टिकेना. दर वेळी तिथे फक्त दोघंच उरत होते.

दादा आला तो दुकानातला पांढरा कोट घालूनच आला. खिशाला पेन, कपाळावर घाम, चष्म्यावर वाफ. आल्या आल्या त्याने काही न बोलता तळहात तिच्या कपाळाला लावला, मग पालथा हात मानेला, मग कानामागच्या गाठी बोटांनी चाचपल्या, जन्मभर चाचपल्या तशा. “ताप कधीपासून? गोळी घेतलीस?” तिने त्याचं मनगट धरलं आणि बाजूला केलं. “दादा, माझी पांथरी कुठेय?” मावशी दोघांच्या मध्ये चहाचा कागदी पेला घेऊन उभी होती, तिने तो हळूच बाकाखाली ठेवला. दादाचा हात, जिथे ठिणगीने सोडला, तिथेच हवेत राहिला.  समोरून एक म्हातारा सलाईनची काठी ढकलत गेला, चाकं कुरकुरत होती, ती कुरकुर वळणापर्यंत गेली आणि थांबली. मग ठिणगीलाच ते सहन होईना. “आईने मारलं होतं ना?” ती म्हणाली. तिचा आवाज तिला ओळखू आला नाही, इतका मऊ होता. लहान मुलाला बोट धरून रस्ता ओलांडायला लावावा तसा. “आईचा हात जड होता. कामावरून दमून यायची, लागलं असेल कुठेतरी. तसंच ना?” मावशीलाही कळलं असावं, कारण तीही लगबगीने म्हणाली, “असतं हो तसं. माझी आईसुद्धा दिसेल ते फेकून मारायची. लाटणं म्हणू नका, पाट म्हणू नका.” दादाने फक्त हो म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. ठिणगी ती मान हलायची वाट बघत होती, जीव मुठीत धरून.

“नाही,” दादा म्हणाला. “आई कामावर होती.”

“मग?”

“मी लाथ घातली.” त्याने ते फरशीकडे बघून नाही, तिच्याकडे बघून सांगितलं. “तू जहाजावर बसलीस. मी सांगत होतो उठ, आणि तू हसत होतीस. पायात शाळेचे बूट होते. तू भिंतीपर्यंत गेलीस. मग उठलीस की गं! उठलीस, पाणी मागितलंस, खेळलीस पण जरा वेळ. मला वाटलं झालं, संपलं. मग संध्याकाळी तू पांढरी पडायला लागलीस. ओठसुद्धा.” त्याने कपाळावरचा घाम कोटाच्या बाहीने पुसला.  “आई म्हणाली, कुणाला सांगितलंस तर तुला घेऊन जातील, आणि मला दोघांपैकी कुणालाच घालवायचं नाहीये. अपेंडिक्स म्हणायचं. मग तेच म्हणत राहिलो.” “आणि मी मोठी झाल्यावर? आई गेल्यावर?” “सांगणार होतो.” “कधी?” “रोजच.” “रोज?” “हो. पट्टी बदलताना तर नक्कीच.” मावशी तोंडाला पदरासारखी ओढणी लावून भिंतीकडे वळली होती. “आणि मी नाहीच घेतलं ते तुझं औषध? फेकून दिलंय मी सगळं, कळतंय तुला? का घ्यायचं ते कुणी सांगितलंच नाही मला! मेले असते ना मी! तुझ्या न सांगण्याने मेले असते, लाथेने नाही!” बोलता बोलता ती उठली कधी, हे तिला कळलं नाही. पोटात कळ आली, डोळ्यांसमोर पिवळं झालं, आणि तिचा उजवा हात वर गेला. कुणाच्या बापाला न घाबरणारा हात, मास्तरांवर उठलेला, मुकादमावर उठलेला.

दादा मागे सरला नाही. त्याने चष्मा काढला, दोन्ही काड्या नीट मिटल्या आणि कोटाच्या खिशात, पेनाच्या शेजारी ठेवला. मग तोंड थोडं पुढे केलं. चष्म्याशिवाय त्याचे डोळे लहान आणि उघडे दिसत होते, नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याने पाडलेले लाल खड्डे, आणि त्या डोळ्यांत भीती नव्हती. खूप वर्षं रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा शेवटी नंबर लागावा, तसा तो उभा होता. हात वरच राहिला. तो खाली कसा आणायचा हे तिला सुचेना. मारल्याशिवाय तो कधी खाली आलाच नव्हता.

तेवढ्यात परिचारिका चाकाची खाट ढकलत आली. “चला, वेळ झाली. नातेवाईक कोण आहे? सही लागेल.” तिने हातातला कागद एकदा मावशीपुढे, एकदा दादापुढे हलवला. मावशीने दादाकडे बघितलं.  दादाने पेन काढलं नाही, पुढेही आला नाही. त्याने ठिणगीकडे बघितलं, म्हणजे जिथे ती धूसर दिसत असेल तिकडे. “अहो, तुम्ही कोण यांचे?” परिचारिकेने त्याला विचारलं.  तो प्रश्न त्याने तसाच ठिणगीपुढे राहू दिला.

“भाऊ आहे,” ठिणगी म्हणाली. हात आपोआप खाली आला होता आणि त्याने खाटेचा लोखंडी गज धरला होता. “माझा भाऊ. सख्खा. त्याला सगळं माहीत आहे, कोणत्या लसी, कधी, काय काय, सगळं त्यालाच विचारा. मला काही माहीत नाहीये.” ती खाटेवर आडवी झाली. चादर गार होती आणि ताप तिच्यावर चढत होता. परिचारिका पायाने खाटेचा अडसर काढत होती. “चष्मा घाल रे,” ती दादाला म्हणाली. “भलतीकडेच सही करशील.” त्याने खिसा चाचपला, चष्मा उलटा निघाला, पेन खाली पडलं, ते उचलताना तो धडपडला, आणि खाट निघालीसुद्धा. तो कागद हातात घेऊन शेजारून चालायला लागला, अर्धवट धावत. दाराशी परिचारिकेने त्याला हाताने थांबवलं. ठिणगीने मान वळवली. “आणि कुठे जाऊ नकोस,” ती म्हणाली. “बाहेर आले की मला तुझ्यावर ओरडायचंय. खूप ओरडायचंय.”

“बरं,” दादा म्हणाला, आणि चष्मा घालून त्याने कागद भिंतीला टेकवला.